घटक ४ : वर्गातील वृत्तपत्र – वाचन, पडताळणी आणि लेखन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• वृत्तपत्राचा अध्ययनसाहित्य म्हणून उपयोग का व कसा करावा, हे सांगता येईल.
• बातमी वाचताना विचारावयाचे चार मूलभूत प्रश्न वापरता येतील.
• आपल्या परिसरातील एखाद्या घटनेवर आधारित तीन तासिकांचा पाठ आखता येईल.
• बातमीतील आकडे व विशेषणे यांची चिकित्सा करता येईल.
• विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या गावाची बातमी लिहून घेता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बातमीचे शीर्षक, पहिला परिच्छेद आणि तपशील यांच्या रचनेचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात हीच बातमी वर्गात शिकण्या-शिकविण्याचे साधन म्हणून कशी वापरावी, याचा विचार करावयाचा आहे. तुमच्यापैकी काही जण शाळेत किंवा आश्रमशाळेत शिकवीत असतील, काही जण अंगणवाडीत, ग्रंथालयात वा अभ्यासिकेत काम करीत असतील, तर काहींच्या घरीच शिकणारी मुले असतील. या सर्वांना उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडणी केली आहे. उदाहरणे प्रामुख्याने नंदुरबार जिल्ह्यातील घेतली आहेत. तुम्ही ती आपापल्या परिसराला लावून पाहावीत.

अनेक शाळांच्या परिपाठात एक विद्यार्थी ठळक बातम्या वाचतो, इतर ऐकतात आणि प्रतिज्ञा झाली की सर्व जण वर्गात जातात. हा उपक्रम चांगलाच आहे. परंतु तो बहुधा तेथेच थांबतो. बातमी ऐकली म्हणजे ती समजली असे होत नाही आणि समजली म्हणजे ती पारखली असेही होत नाही. बातमी हे कोणीतरी, कशाच्या तरी आधारे केलेले विधान असते. ते विधान तपासता येणे आणि गरज पडल्यास आपले विधान त्याच्याशेजारी मांडता येणे, हे वर्गातील वृत्तपत्राचे खरे प्रयोजन आहे. या घटकाचे सूत्र एवढेच आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ वृत्तपत्र आणि शिक्षण : पूर्वपरंपरा

मराठीत वृत्तपत्र आणि शिक्षण यांचे नाते आरंभापासूनचे आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे स्वतः अध्यापक होते. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही भाषांतील मजकूर शेजारीशेजारी छापला जात असे. एकच गोष्ट दोन भाषांत वाचण्याची सोय त्यामुळे वाचकाला मिळाली. ही पद्धत आजच्या बहुभाषिक वर्गालाही मार्गदर्शक आहे.

दुसरे उदाहरण खानदेशातीलच आहे. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित दैनिक चालविले. छापखाना नाही, वर्गणी नाही, केवळ कागद आणि लेखणी. तरीही ते दैनिकच होते. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाने वर्गात एक लहान छपाईयंत्र आणले. मुले स्वतःचे अनुभव लिहीत, त्यांचे खिळे जुळवीत आणि छापलेली पाने दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवीत.

या दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट लक्षात येते. वृत्तपत्र वर्गात आणणे ही पहिली पायरी असून वर्गातून वृत्तपत्र बाहेर पडणे ही पुढची पायरी होय. आपल्या पाठाची आखणी या दोन्ही पायऱ्या ध्यानात घेऊन करावी.

४.३.२ नंदुरबारच्या वर्गाचे वेगळेपण

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. घरात भिली, पावरी, मावची, अहिराणी किंवा गुजराती बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठीत वाचते. त्यामुळे वृत्तपत्राची भाषा ही अनेकांसाठी दुसरी, काहींसाठी तिसरी भाषा असते.

वेगळेपणाचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. राज्यपातळीवरील वृत्तपत्रांत हा जिल्हा वारंवार येतो तो कुपोषण, स्थलांतर, रस्त्याअभावी झोळीतून न्यावा लागलेला रुग्ण अशा बातम्यांतून. या बातम्या खोट्या आहेत असे नव्हे. त्या छापून आल्या नाहीत तर प्रश्न सुटणारही नाहीत. मात्र त्या बातम्या वाचणारे मूल त्याच पाड्यावरचे असते. 'दुर्गम', 'मागास', 'अशिक्षित' ही विशेषणे ते आपल्या आईवडिलांविषयी वाचत असते. हे वाचन मुकाट्याने होऊ दिले, तर ते मूल वृत्तपत्राविषयी काही शिकत नाही. ते केवळ स्वतःविषयी हीन मत बाळगायला शिकते. म्हणून येथे बातमीची चिकित्सा हा भाषेच्या अभ्यासाचा भाग तर आहेच, शिवाय तो विद्यार्थ्याच्या आत्मसन्मानाचाही प्रश्न आहे.

एका शब्दापासून आरंभ करता येईल. 'दुर्गम' म्हणजे जेथे जाणे कठीण ते. पण कोणाला कठीण? शहरातून धडगावला येणाऱ्याला धडगाव दुर्गम वाटते. धडगावच्या पाड्यावरील स्त्रीला जिल्हा रुग्णालय दुर्गम असते. वर्गात हा प्रश्न विचारावा आणि विद्यार्थ्यांना आपल्या घरून दवाखाना, बाजार, महाविद्यालय व तहसील कचेरी किती दूर आहे, जायला किती वेळ व भाडे लागते, याचा तक्ता करावयास सांगावा. विशेषणाच्या जागी माहिती ठेवणे हा बातमीलेखनाचा पहिला धडा या तक्त्यातून आपोआप मिळतो.

४.३.३ बातमी वाचण्याचे चार प्रश्न

(१) हे कोण सांगते? बातमीदाराने स्वतः पाहिले, अधिकाऱ्याने सांगितले, पत्रकातून घेतले की 'समजते', 'बोलले जाते' अशा क्रियापदांआड सांगणारा लपलेला आहे? विद्यार्थ्यांनी बातमीतील अशी क्रियापदे अधोरेखित करावीत.

(२) कशावरून सांगते? तपासणी, कागदपत्र, मोजणी की अंदाज? 'संशयित' आणि 'निष्पन्न', 'आरोपी' आणि 'दोषी', 'मंजूर' आणि 'पूर्ण' या जोड्यांतील अंतर येथे शिकवावे. रस्ता मंजूर झाला आणि रस्ता पूर्ण झाला यांत किती फरक असतो, हे सातपुड्यातील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

(३) कोणाचे म्हणणे यात नाही? शाळेविषयीच्या बातमीत विद्यार्थी, शेतीविषयीच्या बातमीत शेतमजूर, पुनर्वसनाच्या बातमीत विस्थापित बोलतो का, ते पाहावे.

(४) पुढे काय झाले? बातमी एका दिवसाची असते, घटना मात्र पुढे चालू राहते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्या दिवशी साऱ्या देशातील वृत्तपत्रांत टेंभली होते. पुढील वर्षांतही काही पत्रकार तेथे परत गेले आणि गावाच्या जगण्यात काय बदलले, हे त्यांनी विचारले. पहिली बातमी समारंभाची होती. नंतरच्या बातम्या पाठपुराव्याच्या होत्या. वाचकाला दोन्हींची गरज असते, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणाने पटवून देता येईल.

४.३.४ नमुना पाठ : नवापूर, फेब्रुवारी २००६

आता एक पूर्ण पाठ पाहू. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर परिसरातील पोल्ट्री फार्ममध्ये कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. हा राणीखेत रोग असावा, असा सुरुवातीचा समज होता. नमुने भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी रोजी ते एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने बाधित असल्याचे जाहीर झाले. कोंबड्यांमधील या विषाणूचा भारतातील हा पहिला निष्पन्न उद्रेक होता. बाधित क्षेत्रातील लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. देशभर चिकन व अंड्यांची मागणी घसरली. माणसांचेही नमुने तपासण्यात आले. त्या वेळी कोणालाही लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, नवापुरात पुन्हा बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला.

पहिली तासिका : शीर्षकांची तुलना. पुढील तीन शीर्षके अभ्यासासाठी रचलेली आहेत. ती फळ्यावर लिहावीत.

(अ) नवापुरात बर्ड फ्लूचा कहर, नागरिकांत घबराट
(आ) नवापुरातील कोंबड्यांचे नमुने बाधित. पक्षी नष्ट करण्याचे काम सुरू
(इ) पक्षी गेले, कर्ज राहिले. नवापुरातील पोल्ट्रीधारकांपुढे पेच

तिन्ही शीर्षके एकाच घटनेची आहेत. 'अ' मध्ये 'कहर' आणि 'घबराट' हे शब्द आहेत, पण कोणाला काय झाले ते कळत नाही. किंबहुना माणसेच आजारी पडली असावीत, असा समज त्यातून होऊ शकतो. 'आ' मध्ये काय तपासले व काय चालू आहे, ते नेमके सांगितले आहे. मात्र त्यात माणूस दिसत नाही. 'इ' मध्ये ज्याचे नुकसान झाले तो दिसतो. पण पक्षी का नष्ट करावे लागले, ते कळत नाही. विद्यार्थ्यांनी गटांत चर्चा करून प्रत्येक शीर्षक काय दाखविते आणि काय झाकते, ते दोन स्तंभांत लिहावे. यानंतर चौथे शीर्षक स्वतः तयार करावे.

दुसरी तासिका : माहिती आणि अफवा. 'चिकन खाल्ल्याने बर्ड फ्लू होतो' हे वाक्य त्या काळी सर्वत्र ऐकू येत होते. विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने ते तपासावे. विषाणू उष्णतेने नष्ट होतो. पूर्ण शिजविलेले मांस व अंडी सुरक्षित मानली जातात. धोका प्रामुख्याने बाधित जिवंत वा मृत पक्ष्यांच्या निकट संपर्कातून असतो. एवढी माहिती मिळाल्यावर 'आमच्या गावासाठी सूचना' हे पाच वाक्यांचे पत्रक लिहून घ्यावे. येथे भाषेचा हेतू बदलतो : शीर्षकाचे काम लक्ष वेधणे हे असते, तर सूचनापत्रकाचे काम कृती सांगणे हे असते.

तिसरी तासिका : न छापलेली मुलाखत. वर्गाचे गट करून त्यांना पोल्ट्रीचालक, तेथील मजूर, पशुवैद्यकीय अधिकारी, चिकन विक्रेता आणि शेजारच्या घरातील आई या भूमिका द्याव्यात. इतर विद्यार्थी बातमीदार होतील. मजुराची भूमिका करणाऱ्याला 'पक्षी नष्ट झाल्यावर तुमचा रोज कोणी दिला?' हा प्रश्न कोणी विचारतो का, याकडे शिक्षकाने लक्ष द्यावे. मालकाच्या नुकसानभरपाईची चर्चा सहज होते. मजुराचा बुडालेला रोज मात्र बातमीत क्वचितच येतो. चार प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडला की नाही, हे येथे कळते.

४.३.५ बातमीतील आकडे

'राज्यातील सर्वांत कमी साक्षर जिल्हा' असा नंदुरबारचा उल्लेख तुम्ही वाचला असेल. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा साक्षरता दर ६४.३८ टक्के, तर महाराष्ट्राचा ८२.३४ टक्के नोंदला गेला. आकडा खरा आहे. पण तो वाचता आला पाहिजे.

पहिली गोष्ट, हा दर सात वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येवर काढलेला आहे. दुसरी, कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणे, एवढाच येथे 'साक्षर' या शब्दाचा अर्थ आहे. चार भाषांत बाजारहाट करणारी, वनस्पतींची नावे व उपयोग सांगणारी आजी या आकड्यात निरक्षर ठरते. तिला ज्ञान नाही, असे हा आकडा म्हणत नाही. तिसरी, हा आकडा २०११ चा आहे. त्यानंतरची दशवार्षिक जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही. त्यामुळे आजच्या बातमीत हा आकडा आला, तर तो त्या वेळी शाळेत नसलेल्या, आज मात्र तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांविषयी काहीच सांगत नाही. चौथी, दोन दरांतील फरक १७.९६ टक्के-अंकांचा आहे, 'साक्षरता १७.९६ टक्क्यांनी कमी' असे लिहिणे गणिताच्या दृष्टीने चुकीचे ठरेल.

गणिताच्या तासिकेसाठी बाजारभावाचे सदरही उपयुक्त आहे. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात मिरचीचा प्रतिक्विंटल किमान, कमाल व सर्वसाधारण दर आठवडाभर नोंदवून त्याचा आलेख काढावा. ओली मिरची आणि वाळलेली मिरची यांच्या दरांत एवढा फरक का असतो, हा प्रश्न ज्यांच्या घरी मिरची वाळते ते विद्यार्थी इतरांना समजावून देऊ शकतील. अशा वेळी नेहमी मागे बसणारा विद्यार्थी वर्गाचा शिक्षक होतो.

४.३.६ घरची भाषा आणि वर्गाचे वृत्तपत्र

'आजीला बातमी सांगा' हा उपक्रम आठवड्यातून एकदा करता येईल. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेली एक बातमी घरी आपल्या भाषेत सांगावी. आजीने किंवा आईने विचारलेला एक प्रश्न दुसऱ्या दिवशी वहीत मराठीत लिहून आणावा. प्रमाण मराठीतील 'आहे' अहिराणीत 'शे' होते, एवढ्यापुरता हा बदल नसतो. 'अनुदान', 'बाधित', 'प्रस्तावित' यांसारखे शब्द घरच्या भाषेत सांगताना विद्यार्थ्याला अर्थ फोडून सांगावा लागतो. जो शब्द फोडता आला नाही, तो समजलेला नव्हता, हे त्याचे त्यालाच कळते. घरून आलेला प्रश्न बहुधा सरळ असतो : 'मग आपल्याला काय मिळणार?' किंवा 'हे त्यांनी कोणाला विचारून ठरवले?' बातमीची याहून चांगली चिकित्सा क्वचितच होते.

यानंतरची पायरी वर्गाच्या हस्तलिखित भित्तिपत्रकाची. त्यासाठी विषय शोधत दूर जावे लागत नाही : सारंगखेड्याचा घोडेबाजार, काठीची होळी, प्रकाशा येथे तापीला आलेला पूर, गावातील हातपंप, ऊसतोडीसाठी गेलेली कुटुंबे. प्रत्येक बातमीखाली 'हे मी पाहिले', 'हे अमुक व्यक्तीने सांगितले' किंवा 'हे मी मोजले' यांपैकी एक नोंद असावी. चुकीची माहिती लागली, तर पुढील अंकात दुरुस्ती छापावी. विद्यार्थ्याने स्वतःच्या गावाविषयी अशी एक अचूक बातमी लिहिली, की दुसऱ्याने लिहिलेली बातमी वाचण्याची त्याची दृष्टी बदलते.

४.३.७ साधने आणि दक्षता

दररोज ताजे वृत्तपत्र मिळालेच पाहिजे, असे नाही. डोंगरातील शाळेत ते उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. 'पुढे काय झाले?' या प्रश्नासाठी तर जुना अंकच लागतो. ग्रामपंचायत, वाचनालय किंवा दुकानदार यांच्याकडील रद्दीतून कात्रणे काढावीत. ती जाड कागदावर चिकटवून त्यावर वृत्तपत्राचे नाव व दिनांक लिहावा. दिनांक नसलेले कात्रण वापरू नये. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर घ्यावयाचा असल्यास त्यालाही हेच चार प्रश्न विचारावेत.

पुढील बाबतींत विशेष दक्षता घ्यावी. अत्याचाराच्या बातम्या निवडू नयेत. पीडित बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये मनाई आहे; वर्गातही ही मर्यादा पाळावी. निवडणूककाळात सर्व पक्षांच्या बातम्या समान निकषाने तपासाव्यात, शिक्षकाने आपला कल दर्शवू नये. सरदार सरोवर प्रकल्पाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्या कुटुंबांतील मुले वर्गात असताना विस्थापनावर 'बाजूने व विरुद्ध' अशी वादस्पर्धा घेऊ नये. एखाद्याच्या घरादाराचा प्रश्न गुणांसाठी जिंकण्या-हरण्याचा विषय होऊ नये. ज्याला सांगावेसे वाटेल त्याला सांगू द्यावे, न सांगणाऱ्याला न सांगण्याची मोकळीक असावी.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'दर्पण' केव्हा सुरू झाले?
(२) 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित कोणी चालविले?
(३) नवापूर येथील २००६ चे नमुने कोठे तपासले गेले?
(४) साक्षरता दर किती वयापुढील लोकसंख्येवर काढतात?
(५) समारंभाच्या बातमीनंतर येणाऱ्या, घटनेची पुढील स्थिती सांगणाऱ्या बातमीस काय म्हणतात?

४.५ सारांश

बातमी हे तपासून पाहावयाचे विधान आहे, या भूमिकेतून वृत्तपत्र वर्गात आणावे. कोण सांगते, कशावरून सांगते, कोणाचे म्हणणे नाही आणि पुढे काय झाले, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडावेत. शीर्षकांची तुलना, आकड्यांचे वाचन, घरच्या भाषेतील कथन आणि भित्तिपत्रक हे त्याचे मार्ग होत. ज्या परिसराविषयी प्रामुख्याने बाहेरचे लोक लिहितात, तेथील विद्यार्थ्याने आपल्या गावाची बातमी स्वतः अचूकपणे लिहिणे, हे या अध्ययनाचे सर्वांत मोठे फलित होय.

४.६ पारिभाषिक शब्द

निष्पन्न : तपासणीअंती सिद्ध झालेले.
पाठपुरावा : प्रसिद्ध झालेल्या घटनेचा नंतरच्या काळात घेतलेला मागोवा.
टक्के-अंक : दोन टक्केवारींच्या वजाबाकीतून येणारा फरक.
भित्तिपत्रक : भिंतीवर लावण्यासाठी तयार केलेले हस्तलिखित नियतकालिक.

४.७ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) ६ जानेवारी १८३२ रोजी. (२) साने गुरुजी यांनी. (३) भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. (४) सात वर्षे व त्यापुढील. (५) पाठपुराव्याची बातमी.

४.८ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

(अ) बातमी वाचण्याचे चार प्रश्न सोदाहरण स्पष्ट करा. (३०० शब्द)
(आ) 'दुर्गम' यासारखी तीन विशेषणे वृत्तपत्रातून निवडा आणि त्यांच्या जागी नेमकी माहिती देणारी वाक्ये लिहा.
(इ) क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावाविषयी किमान एक वर्षापूर्वी प्रसिद्ध झालेली बातमी मिळवा. तिच्याशी संबंधित, पण तिच्यात ज्यांचे म्हणणे आलेले नाही अशा दोन व्यक्तींशी बोला. त्यांच्या संमतीने पाठपुराव्याची २०० शब्दांची बातमी लिहा आणि ती प्रथम त्यांनाच वाचून दाखवा. त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांसह ती अभ्यासकेंद्रात सादर करा.